आपोआप

भिंतीवरच्या पडद्यावर तिच्या नावापुढे शून्य आलं, तेव्हा ती बशीत सांडलेला चहा परत कपात ओतत होती. ओतून झाला, कप खाली ठेवून झाला, मग तिने नीट पाहिलं. शून्यच होतं. गोल, गुबगुबीत, आपल्या जागी ऐसपैस बसलेलं. शून्याची तिला तशी भीती नव्हती. उलट अकरा वर्षं तिची रोजीरोटी शून्यावरच चालली होती: कुठलाही दाबमापक बसवायच्या आधी त्याचा काटा शून्यावर आणायचा, आणि तो तिथे हूं की चूं न करता उभा राहिला तरच त्याच्या पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा. पंपघरात सगळे तिला मीटरताई म्हणत ते काही उगाच नाही. पण काट्याचं शून्य वेगळं आणि माणसाचं वेगळं. पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘तीन वर्षांत सोडवलेले बिघाड, माणसागणिक’. त्याखाली साहेब, एकशे तीन. मग तिच्याच खोलीत बसणारा दाढीवाला, दोनशे सोळा. मग दोघे पाळीवाले, एकशे चाळीस आणि एकशे बावीस. मग ती. आणि तिच्याही खाली, अगदी तळाशी, जिथे माणसाचं नाव असायला हवं तिथे एकच शब्द होता, ‘आपोआप’, आणि त्याच्यापुढे चारशे बारा.

पंपघर चालवायचा ठेका यंदा नव्या कंपनीने घेतला होता आणि त्या कंपनीने पाहणीसाठी एक बाई पाठवल्या होत्या. पन्नाशीच्या, साखळीचा चष्मा गळ्यात, बोलणं नेमकं. आठवडाभर त्या डोक्याला हेल्मेट घालून सगळीकडे फिरल्या होत्या, तळघरातल्या झडपांपर्यंत. आता पडद्यासमोर उभं राहून त्या म्हणाल्या, “तुमचं पंपघर म्हणजे नवलच आहे. दर पाच बिघाडांतले दोन इथे आपोआप सुटतात. मी अशी वीस पंपघरं पाहिली, असं कुठे दिसलं नाही. यंत्रं इतकी शहाणी असतील तर पाच इंजिनियर इथे जास्त होतात. तीन पुरतील.” खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि खरोखरच एका पाळीवाल्याच्या हातून पेन पडलं. “दुपारी एकेकाशी पंधरा मिनिटं बोलेन. मग अहवाल जाईल.” तिची वेळ तीनची होती. सगळ्यांत शेवटी. शून्यवाल्याला शेवटीच बोलावतात, त्यात विचारायचं काय.

बाहेर आल्यावर दाढीवाला म्हणाला, “ताई, तुमचं शून्य? अहो, काहीतरी घोळ आहे.” तो मनापासून बोलत होता. पण बोलायच्या आधी त्याने मान वळवून स्वतःचा दोनशे सोळा पुन्हा एकदा डोळे भरून पाहिला होता, आणि तिने ते बघितलं होतं, आणि तिला राग आला नव्हता, कारण तिनेही आधी त्याचाच आकडा पाहिला होता. तो तिच्यानंतर चार वर्षांनी आला आणि तिच्याआधी वरिष्ठ झाला. तिच्या दारावरच्या पाटीवर अजून ‘सहायक’ होतं. त्याला काम शिकवलं होतं तिनेच. दाबमापक कसा उघडायचा, पॅनेलमध्ये हात घालायच्या आधी घड्याळ का काढायचं, आणि तीन नंबरच्या पंपाचे लाड कसे करायचे. तो वरिष्ठ झाला त्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून पाणी दिलं होतं आणि म्हणाले होते, “ताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला घर आहे ना.” जणू दाढीवाला झाडावर राहत होता. पण तिने तेव्हा काय केलं? ती हसली. पाणी प्यायली. “असू दे हो, साहेब,” म्हणाली. हे ‘असू दे’ तिच्या तोंडात इतकं पटकन येई की कधीकधी समोरच्याने काही म्हणायच्या आधीच येई.

ती पंपांच्या दालनात गेली. डोकं गरम झालं की ती तिकडे जाई, कारण तिथे इतका आवाज होता की स्वतःचं ऐकू येत नसे. चार पंप ओळीने, निळे, माणसाच्या खांद्याएवढे, आणि ते तलावातलं पाणी उचलून शहराच्या वरच्या अर्ध्या भागाला देत होते. तीन नंबरजवळ ती थांबली आणि सवयीने पाठीवर हात ठेवला. थरथर ठीक होती. मागच्या महिन्यात तो कुरकुरत होता. कंपनाचा आकडा नियमात, काटा जागेवर, आणि तरी त्याचा सूर काहीतरी निराळाच लागत होता, सर्दी झालेल्या माणसासारखा. दोन दिवस ती त्याच्याभोवती घोटाळली आणि शेवटी पायाचा एक बोल्ट अर्धा आटा सैल सापडला. तिने तो आवळला. मग नोंदीत काय लिहिलं होतं तिने? तिला आठवलं, आणि तिचा हात पंपावरच राहिला. ‘तीन नंबर कुरकुरत होता. आता नाही.’

आता नाही! का नाही? पंपाने स्वतःहून शहाणपणा केला? ती जिना चढून खोलीत आली आणि नोंदींचा प्रोग्रॅम उघडून बसली. तीन वर्षांपूर्वी जाड वह्या जाऊन हा आला होता. चार चौकोन: काय बिघडलं, कधी, काय केलं, कोणी केलं. पहिले तीन भरल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नसे. चौथा मात्र रिकामा सोडला तरी चाले. ती खाली खाली जात राहिली. ‘झडप अडकली होती. सुटली.’ ‘क्लोरीनचा आकडा खोटा दाखवत होता. खरा झाला.’ ‘दोन नंबरचा ताप उतरला.’ ‘गळती होती, थांबली.’ ‘झालं.’ ‘झालं.’ ‘ठीक झालं.’ चौथा चौकोन सगळीकडे रिकामा. आणि मध्ये मध्ये दाढीवाल्याच्या नोंदी, तालेवार: ‘मी स्वतः जाऊन फ्यूज बदलला.’ फ्यूज बदलायला स्वतः नाही तर काय वरात घेऊन जायचं असतं? तिला हसू फुटलं. मग तिने गाळणी लावली: चौथा चौकोन रिकामा असलेल्या सगळ्या नोंदी. खाली आकडा आला. चारशे बारा. तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं. ज्या बाईने दोन माणसं जास्त ठरवली त्या बाईला तो हिशोब तिनेच हातात दिला होता, चारशे बारा वेळा, टॅबचं बटण दाबून.

शाळेत व्याकरणाच्या बाई विचारायच्या, क्रियापदाला ‘कोण’ असा प्रश्न विचारा, कर्ता सापडेल. ‘काम झालं.’ कोण झालं? काम झालं. म्हणजे कर्ता काम! वर्गात सगळे हसले होते आणि ती सगळ्यांत मोठ्याने. आता बिचाऱ्या कॉम्प्युटरने तरी दुसरं काय केलं होतं? गळती थांबली. कोण थांबली? गळती. आपली आपण थांबली, शहाणी मुलगी. घरीही हेच. नवरा कपडे वाळत घालून आला की दारातून सांगे, “मी कपडे वाळत घातले हं!” आणि मग दिवसभर त्या कपड्यांकडे अधूनमधून बघे, खेळात मिळालेल्या कपाकडे बघावं तसा. तो वाईट नव्हता, चांगला होता, खरंच कामं करायचा. पण त्याचं प्रत्येक काम ‘मी’ने सुरू होई आणि तिचं प्रत्येक काम ‘झालं’ने संपे. स्वयंपाक झाला, भांडी झाली, मुलीचा अभ्यास झाला, आता झोपायला हरकत नाही. बैठकांची टिपणं तीच लिही, कारण “ताई, तुमचं अक्षर छान आहे”, आणि टिपणांत लिही, ‘असं ठरलं’. पहिल्या वर्षी पंपघरात बायकांसाठी एकच स्वच्छतागृह होतं आणि त्यात पाइप भरून ठेवलेले होते. आठ महिने ती रस्त्यापलीकडच्या वाचनालयात जात होती, पुस्तकं बदलायच्या निमित्ताने; तिचं त्या वर्षीचं वाचन दांडगं झालं. शेवटी एका रविवारी तिने स्वतः येऊन, गड्याला हाताशी घेऊन, एकेक पाइप बाहेर काढला. सोमवारी साहेबांनी विचारलं, “हे कधी झालं?” ती म्हणाली, “झालं.” आणि शहर तरी काय म्हणत होतं? पाणी आलं. रोज, घरोघरी, नळाची मान फिरवून, पाणी आलं. पाणी आपलं चालत येतं, पिशवी हातात घेऊन, जिने चढत. कुणी कधी म्हटलंय का की पाणी आणलं?

एक वाजता साहेब आले. ते सहसा कुणाच्या खोलीत येत नसत. आले आणि स्टुलावर बसले, म्हणजे प्रकरण गंभीर. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज मऊ केला. “ताई, मी ते ‘आपोआप’ उघडून पाहिलं. तुमची भाषा लपत नाही हो. ‘दोन नंबरचा ताप उतरला’ असं दुसरं कोण लिहिणार?” क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी यायची वेळ आली. कुणाला तरी ठाऊक होतं! मग साहेब पुढे म्हणाले, “तर मी असा विचार केला, की आपण टीम आहोत. आपण म्हणू, हे आपण सगळ्यांनी केलं. चारशे बाराला पाचने भागू, मला धरून. ब्याऐंशी-ब्याऐंशी येतात. कुणाची नोकरी जाणार नाही, कुणाला वाईट वाटणार नाही.” त्यांनी कागदावर भागाकार करूनही आणला होता. “आणि दोन उरतात,” ते उदारपणे म्हणाले, “ते दोन तुम्ही ठेवा.”

तिच्या तोंडात ‘असू दे’ आलं. अगदी दातांपर्यंत आलं. खोटं कशाला सांगा, तिला तो भागाकार क्षणभर आवडलासुद्धा: ब्याऐंशी आणि दोन चौऱ्याऐंशी, शून्यापेक्षा चौऱ्याऐंशी केव्हाही बरे, आणि सगळ्यांच्या नोकऱ्या शाबूत, आणि भांडण नाही, आणि साहेबांचा तो मऊ आवाज. मग तिला साहेबांच्या कागदावरचे आकडे पुन्हा दिसले. दाढीवाल्याचे दोनशे सोळा आणि ब्याऐंशी, दोनशे अठ्ठ्याण्णव. पाळीवाले दोनशेच्या वर. साहेब एकशे पंच्याऐंशी. आणि ती चौऱ्याऐंशी. टीम झाली तरी तळाला तीच. दोन माणसं कमी करायची ठरलीच तर पहिली कोण, हे सांगायला काही ज्योतिषी लागत नव्हता. “साहेब, बघते,” ती म्हणाली. ‘असू दे’ गिळून ‘बघते’ म्हणायला तिला एवढे कष्ट पडले की साहेब गेल्यावर ती पाच मिनिटं नुसती पंख्याकडे बघत बसली. त्यात भीती होती, नाही कसं म्हणणार. नोकरी गेली तर चाळिशीला आलेल्या सहायक बाईला, जिच्या नावावर तीन वर्षांत शून्य बिघाड आहेत, दारात कोण उभं करणार? आणि नोकरीपेक्षाही, हे तीन नंबरचं खोकणं कोण ऐकणार? तिला ते काम आवडत होतं. हे ती कधी कुणाला बोलली नव्हती, पण सकाळी पुलावर चढलं की पंपघराचा आवाज कानावर येई आणि तिची पावलं नकळत भरभर पडायला लागत. अकरा वर्षं, रोज.

डबा तिने उघडला, झाकला, आणि आईला फोन लावला. आई तिच्या लहानपणी शिवणकाम करायची, घरचं आणि आळीतल्या निम्म्या पोरींचं. सणासमारंभाला फ्रॉक घालून मिरवलं की लोक विचारत, कुठून घेतला, आणि वडील सांगत, “आम्ही घरीच शिवतो.” वडिलांना सुईत दोरा ओवता येत नसे. “आई,” ती म्हणाली, “ते फ्रॉक तू शिवायचीस ना, तेव्हा काय म्हणायचीस गं? पूर्ण झाल्यावर?” आई म्हणाली, “हे काय भर दुपारी? झाला म्हणायची. दुसरं काय म्हणायचं?” “पण शिवला कोणी?” “अगं, मी! मी शिवला! दुसरं कोण शिवणार, तुझा बाप?” आईचा आवाज एकदम असा चढला की तिने फोन कानापासून लांब धरला. “तेव्हा का नाही म्हणालीस मग? बाबा ‘आम्ही’ म्हणायचे तेव्हा?” पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. “मला कुणी विचारलं होतं का कधी?” आई म्हणाली. “विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारूनही जो गप्प बसतो तो येडा.” “आणि तूच सांगायचीस, मी-मी करू नये, मी-मी शेळी करते.” “हो, मग? मी-मी करू नये. दोनदा. एकदा म्हणायला कुणी नको म्हटलंय?”

फोन ठेवल्यावर ती एकटीच खोलीत मोठ्याने हसली. आणि दुसऱ्या क्षणी तिला त्या फ्रॉकांची शिवण आठवली, आतली बाजू, जी कुणाला दिसायची नाही आणि जी आई बाहेरच्यापेक्षाही सरळ घालायची, आणि तिला इतकं भरून आलं की रुमाल शोधावा लागला. एका दुपारी हसू आणि रडू दोन्ही, म्हणजे कमालच. तिने तोंड धुतलं. त्याच स्वच्छतागृहात, जिथे आता पाइप नव्हते. आरशाखालच्या पाटीवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘महिलांसाठी सोय करण्यात आली आहे’. करण्यात आली आहे! तिने पाटीला जीभ काढून दाखवली.

अडीच वाजता दाढीवाला त्याची पंधरा मिनिटं संपवून आला तो पडलेल्या चेहऱ्याने. खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. “ताई, एक पाप केलंय. साहेबांनी सांगितलं तसं मी ब्याऐंशी माझे म्हटले. तर बाई म्हणतात, बरं, त्यातला एक सांगा. मला काही आठवेना. घरी जुळी आहेत, झोप नाही, डोक्याचा भुगा झालाय. नोकरी गेली तर काय, हेच डोक्यात. मग तुमचा तो आठवला, चार नंबरचं पॅनेल सारखं बंद पडायचं तो. मी म्हटलं, मी रिले बदलला.” तिने डोळे मोठे केले. “अरे, रिले कुठे बदलला? तिथे पाल होती!” “पाल?” “पाल. रिलेच्या मागे बसायची, ऊब असते म्हणून. शेपटीने दोन तारा जुळायच्या. मी पट्टीने तिला बाहेर काढली आणि भोकाला बूच मारलं.” दाढीवाल्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं रडतोय. तो हसत होता. तीही हसायला लागली. दोघं त्या चिमुकल्या खोलीत पोट धरून हसत होती, आणि त्या हसण्यातच तो म्हणाला, “रागावलात?” तिने खरं सांगितलं. “हो. रागावले.” हे ती त्याला पहिल्यांदाच म्हणाली, आणि जग काही बुडालं नाही. खाली चारही पंप चालू होते.

तीन वाजता ती आत गेली. पाहणीबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, तिचं नाव शोधलं, शून्य पाहिलं. “बसा. मला फार वेळ लागणार नाही असं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “अहवाल तसा जवळजवळ झालाय.” “झालाय?” ती म्हणाली, आणि तिचं तिलाच कळेना हे तोंडातून कसं गेलं. “कोणी केला?” बाईंनी मान वर केली. “म्हणजे?” “म्हणजे आपोआप झाला का, असं विचारतेय.” भिंतीवर पडदा अजून तसाच होता, तळाला तो शब्द. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग पेन खाली ठेवलं. “हे आपोआप म्हणजे,” त्या हळूच म्हणाल्या, “कोण आहे?”

विचारलं! कुणीतरी विचारलं. तिच्या छातीत असं धडधडायला लागलं की चारही पंप एकदम सुरू झाल्यासारखं वाटलं. ‘असू दे’ आलं, ‘आम्ही सगळे’ आलं, ‘तसं काही नाही हो’ आलं, सगळी जुनी मंडळी ओठांपाशी गर्दी करून उभी राहिली. तिने त्यांना वाट दिली नाही.

“मी,” ती म्हणाली.

एकदाच म्हणाली. पाहणीबाईंनी लगेच काही विश्वास ठेवला नाही. ते त्यांचं कामच नव्हतं. त्यांनी यादी उघडली आणि डोळे मिटून बोट ठेवलं. “नव्वद. ‘झडप अडकली होती. सुटली.’” ती म्हणाली, “तळघरातली झडप. कुणीतरी उलट फिरवायचं, कारण बाण पुसला गेला होता. मी लाल रंगाने बाण काढलाय, अजून आहे.” “तो मी पाहिला,” बाई म्हणाल्या. “दोनशे चौसष्ट. ‘दोन नंबरचा ताप उतरला.’” “दोन नंबर तापायचा. ताप खरा नव्हता, मापकच उन्हात होता. त्याला पत्र्याची टोपी शिवली. म्हणजे मी शिवली.” “तीनशे अकरा. ‘चार नंबरचं पॅनेल बंद पडायचं. आता नाही.’” तीनशे अकरा पालीचा होता. बाईंचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते आणि तिच्या लक्षात आलं, बाईंना उत्तर ठाऊक आहे. “पाल होती,” ती म्हणाली. “मी काढली. रिले जुनाच आहे.” “हो,” बाई म्हणाल्या, “त्यावर नऊ वर्षांपूर्वीचा शिक्का आहे. मी उघडून पाहिला. मघाशी मला कुणी वेगळं सांगितलं.” “तो घाबरलाय हो. काम चांगलं करतो. खरे दोनशे सोळा आहेत त्याचे. मी शिकवलंय त्याला.” हे शेवटचं वाक्य तिला ठरवून म्हणायचं नव्हतं, पण आता गाडी उताराला लागली होती.

बाईंनी अजून सात नंबर विचारले. सातव्यानंतर त्यांनी यादी मिटली. “माझ्या अहवालाचा पायाच उखडलात तुम्ही,” त्या म्हणाल्या. सूर तक्रारीचा होता, चेहरा नव्हता. “चारशे बारा बिघाड आपोआप सुटत असतील तर इथे दोन माणसं जास्त आहेत. आणि त्यातले बहुतेक एक बाई सोडवत असेल, इतर कामं सांभाळून, तर इथे माणूस कमी आहे. मला उलटंच लिहावं लागणार.” त्यांनी समोरचा कागद घेतला. त्यावर दोन नावं होती. तिला उलटीकडूनही वाचता आली. पहिलं तिचं होतं. दुसरं पाळीवाल्यांपैकी एकाचं. बाईंनी दोन्हींवर काट मारली. पेन सरळ ओढलं, पट्टी न घेता. “हे ठरलं?” तिने विचारलं, कारण तिचा विश्वास बसेना. “ठरलं नाही,” बाई म्हणाल्या, आणि प्रथमच हसल्या. “मी ठरवलं. अहवालाखाली सही माझी असते. तुमच्या दारावरची ती पाटीही बदलायला लिहिते. पण एक काम आहे. ते चौथे चौकोन. माझ्याकडे रिकामे चालणार नाहीत. तुमचे आहेत तेवढे भरा, आणि दुसऱ्याचा एखादा असेल तर त्याचा त्याला द्या.”

ती संध्याकाळपर्यंत भरत बसली. त्यात सहा पाळीवाल्यांचे निघाले आणि एक चक्क साहेबांचा, तो तिने साहेबांना फोन करून सांगितला, तेव्हा ते म्हणाले, “असू दे हो, ताई.” “असू दे कसं?” ती म्हणाली. “तुम्ही केलंय ते.” उरले चारशे पाच. पहिली पन्नास नावं लिहिताना तिला लाज वाटली, जशी परक्या घरात स्वतःच्या हाताने वाढून घेताना वाटते. शंभराला हात सरावला. तिला एक गंमत दिसली: ‘मी केलं’ असं लिहिलं की त्यात बाई की पुरुष काही कळतच नाही. ‘करतो’ म्हटलं की कळतं, ‘करते’ म्हटलं की कळतं, पण काम पुरं करून टाकलं की भाषा केलेल्या कामाकडे बघते, करणाऱ्याकडे नाही. म्हणून तर नाव लिहायचं. मी मी म्हणणारे आले नि गेले, तिने मनाशी म्हटलं, आणि एकदाच मी म्हणणारीने टॅबऐवजी नाव टाइप केलं, चारशे पाच वेळा. दाढीवाला जाताना दारात थांबला. “ताई, बाईंना परत जाऊन खरं सांगून आलो. म्हणाल्या, माहीत आहे.” मग जरा घुटमळून म्हणाला, “मी सांगितलं, मीटर कसं उघडायचं ते मला तुम्ही शिकवलं.” “मला तर वाटलं तू आपोआप शिकलास,” ती म्हणाली.

घरी पोचली तर आठ वाजत आले होते. नवऱ्याने दार उघडलं आणि जाहीर केलं, “मी भाजी चिरली हं!” ती म्हणाली, “शाब्बास. मी दोघांच्या नोकऱ्या वाचवल्या,” आणि तो चिरायची सुरी हातात धरून तसाच उभा राहिला. मुलगी वहीतून मान वर काढून बघायला लागली. सांगायचं खूप होतं, पाल, ब्याऐंशी आणि वरचे दोन, आईचा चढलेला आवाज. ते सगळं ती जेवताना सांगणार होती, एकही ‘मी’ न गाळता. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी रोजच्यासारखी जिन्यातून हाळी दिली, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी: “पाणी आलं गंऽऽ!”

ती चपलाही न काढता जिन्यात गेली आणि कठड्यावरून वाकली. “काकू!”

“काय गं?”

“आलं नाही. आणलं!”

खाली बादलीत धार पडत होती. मग काकूंचा चेहरा कठड्याखाली दिसला, वर वळलेला, बुचकळ्यात पडलेला.

“कोणी?” काकूंनी विचारलं.